फ्रीजची निगा

आमच्या घरातला फ्रीज १९९८ सालचा आहे. एका दाराचा, १६५ लिटरचा. आला तेव्हा लालभडक होता, आता विटकरी दिसतो. जुन्नरच्या आमच्या मोहल्ल्यात त्याच्यानंतर आलेले कितीतरी फ्रीज भंगारात गेले, हा मात्र अजून घरघरतो आहे. पाहुणे पाणी पितात, ग्लास खाली ठेवतात आणि विचारतात, "अजून हाच का?" काहींना आम्ही कंजूष वाटतो. काहींना वाटतं, जुना माल मजबूत असायचा. दोन्हींत थोडं तथ्य असेल. पण त्याच साली, त्याच दुकानातून घेतलेले दुसरे फ्रीज कधीच गेले, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

कथा-कवितांच्या अंकात फ्रीजवर काय लिहायचं, असं कुणी म्हणेल. पण आमच्या घरातल्या बायकांचा निम्मा दिवस ज्या वस्तूच्या आजूबाजूला जातो, रमजानची इफ्तारी आणि बकरी ईदचं गोश्त जिच्या भरवशावर असतं, आणि शेजारच्या आजाऱ्याचं औषध जिच्या पोटात असतं, तिच्यावर लिहायला काय हरकत आहे? पंचवीसहून जास्त वर्षांत आम्ही जे पाहिलं, ते सांगतो.

तसं पाहिलं तर जुन्नरला गारव्याचं वावडं कधीच नव्हतं. शिवनेरीवर कातळात खोदलेली गंगा-जमुनेची टाकी आहेत. वैशाखात गड चढून गेलेला माणूस तिथलं पाणी प्याला की फ्रीज विसरतो. गडावरच्या कमानी मशिदीपाशीही पाण्याचं टाकं आहे. आजूबाजूच्या डोंगरांतल्या लेण्यांमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी अशाच पोढी खोदून ठेवल्या. खडकाच्या पोटात, सावलीत ठेवलेलं पाणी गार राहतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

घरात हे काम माठ आणि रांजण करायचे. दादी माठाला ओलं फडकं गुंडाळायची. माठातून झिरपलेलं पाणी हवेत उडून जाताना आतली उष्णता घेऊन जातं. दादीला हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवायचं आणि वर ओलं फडकं टाकायचं, हे ती रोज करायची. नायजेरियातल्या मोहम्मद बा अब्बा या शिक्षकाने एका मडक्यात दुसरं मडकं बसवून, मधल्या फटीत ओली वाळू भरून भाजीपाला टिकवायची युक्ती तिथल्या गावोगाव पोचवली. त्याबद्दल त्याला २००० सालचा रोलेक्स पुरस्कार मिळाला. ती बातमी वाचली तेव्हा आम्हाला दादीची परात आठवली.

त्या दिवसांत शिळं फारसं उरत नसे. सालन उरलं तर रात्री उकळून ठेवायचं, सकाळी पुन्हा उकळायचं. कुर्बानीचं गोश्त त्याच दिवशी वाटलं जायचं. थोडं उरलंच तर मीठ-हळद लावून दोरीवर वाळत घालायचं. साठवायची सोयच नव्हती, म्हणून वाटायची सवय होती, असं म्हटलं तरी चालेल.

फ्रीज आला तो भिशीतून. मोहल्ल्यातल्या बाराजणींची भिशी होती, महिना पाचशेची. हप्त्यावर, व्याजावर घ्यायचं नाही हे अब्बांनी आधीच सांगितलं होतं. अम्मीचा नंबर लागला, त्यात घरातली शिल्लक घातली आणि नारायणगावहून टेम्पोत घालून फ्रीज आणला. दारात अख्खा मोहल्ला जमला होता. पोरं लगेच पिन लावायला धावली. फ्रीज दुरुस्त करणारे मिस्त्रीचाचा तेव्हा तिथंच उभे होते. त्यांनी पिन हातातून काढून घेतली. म्हणाले, "पहले खडा रहने दो." रस्त्याने फ्रीज आडवा झाला असेल, तर कंप्रेसरमधलं तेल नळ्यांमध्ये चढतं. ते खाली उतरायला चार-पाच तास द्यायचे, मगच वीज द्यायची. त्या दिवशी पोरं संध्याकाळपर्यंत फ्रीजसमोर बसून राहिली. निगेचा तो आमचा पहिला धडा.

दुसरा धडाही चाचांचाच. ते म्हणाले, फ्रीज थंडी बनवत नाही, आतली गरमी उचलून बाहेर टाकतो. हे एकदा डोक्यात बसलं की निगेचे बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. कंप्रेसर गॅस दाबतो, दाबलेला गॅस तापतो. मागच्या काळ्या जाळीतून फिरताना तो आपली उष्णता खोलीत सोडतो आणि त्याचं पाणी होतं. मग केसासारख्या बारीक नळीतून तो बर्फाच्या कप्प्याच्या नळ्यांत शिरतो. तिथं दाब कमी, म्हणून उकळतो, आणि उकळायला लागणारी उष्णता आतल्या दुधाकडून, भाजीकडून घेतो. पुन्हा कंप्रेसरकडे. हे चक्र दिवसभर चालतं.

म्हणजे उष्णतेला बाहेर पडायला वाट पाहिजे. आमच्या जुन्या घरात जागा कमी, तरी फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ठेवला आहे. चुलीपासून लांब, आणि दुपारचं ऊन खिडकीतून येतं त्या कोपऱ्यापासूनही लांब. वर आणि मागे कपडे, गोधड्या, वर्तमानपत्रांची रद्दी ठेवायची नाही, हा घरातला कायदा. दर दोन-तीन महिन्यांनी पिन काढून मागची जाळी मऊ ब्रशने झाडायची. जाळीवर धूळ आणि स्वयंपाकाच्या वाफेचा तेलकट थर बसला की जणू तिच्या अंगावर घोंगडी पडते. मग कंप्रेसर थांबायचं नाव घेत नाही. बिल वाढतं ते वेगळंच, पण न थांबणारा कंप्रेसर लवकर मरतो, हे त्याहून महत्त्वाचं.

जुन्नर आणि आंबेगाव हे शेजारी तालुके, पण दोन टोकांना हवा अगदी वेगळी. बेल्हे, आळे हा पूर्वेचा भाग कोरडा आणि धुळीचा. तिथं मामूंच्या घरी फ्रीजची जाळी महिन्याभरात राखाडी होते. पश्चिमेला भीमाशंकर, आहुपेच्या बाजूला पाऊस असा कोसळतो की भिंती दिवाळीपर्यंत सुकत नाहीत. आमच्या आपाचं सासर घोडेगावचं. तिच्या फ्रीजला धुळीचा त्रास नाही, ओलीचा आहे. पावसाळ्यात दाराच्या कडांना बाहेरून दव जमतं, रबराच्या घड्यांत काळी बुरशी धरते, आणि खालचा पत्रा जमिनीची ओल पिऊन गंजतो. मामूंना ब्रश लागतो, आपाला कोरडं फडकं आणि खाली उंच स्टँड. आजारच वेगळे, तर औषध एक कसं असेल?

दाराचं रबर ही मात्र दोघांची सारखीच दुखरी जागा. रबर सैल पडलं की बाहेरची दमट हवा आत जाते, बर्फ वाढतो, कंप्रेसर धापा टाकतो. तपासायची रीत सोपी आहे. दारात दहाची नोट धरून दार लावायचं आणि नोट ओढायची. अडली तर रबर ठीक, अलगद निघाली तर तिथं फट आहे. चारही बाजूंना असं पाहायचं. बहुतेक वेळा रबर खराब झालेलं नसतं, मळलेलं असतं. कोमट पाण्यात थोडा साबण घालून, जुन्या दातांच्या ब्रशने घड्या साफ करायच्या, कोरड्या पुसायच्या. एवढ्यावरही सैल राहिलं तर रबर बदलून मिळतं. अख्खा फ्रीज बदलायची गरज नसते. आतमध्ये मागच्या बाजूला पाणी वाहून जायचं छोटं भोक असेल तर तेही बघावं. त्यात कोथिंबिरीचं एक पान अडकलं तरी खाली तळं साचतं.

आता विजेचं. कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगा आणि डिंभे ही पाचही धरणं आमच्या या दोन तालुक्यांत. त्या पाण्यावर ऊस आला, द्राक्षं आली, नारायणगावचा टोमॅटो आणि मंचरच्या बाजारातला कांदा-बटाटा आला. पण कालव्याला पाणी सुटलं की शिवारातल्या मोटारी एकदम सुरू होतात, आणि गावातले दिवे पिवळे पडतात. २३० व्होल्टच्या जागी १७० आले की दिव्याला फक्त मंद व्हावं लागतं. कंप्रेसरला मात्र तेवढंच काम करायचं असतं. तो जास्त करंट ओढतो, त्याची वायंडिंग तापते, आणि एखाद्या रात्री जळते.

त्यात भारनियमन. २००५ नंतरची काही वर्षं ग्रामीण महाराष्ट्रात कोण विसरेल? दिवसाचे कित्येक तास वीज नाही, आणि येताना ती झटका देऊन यायची. कंप्रेसर नुकताच बंद पडलेला असताना आतल्या गॅसचा दाब एका बाजूला तुंबलेला असतो. तो समान व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात वीज आली तर कंप्रेसरला भरलेली गाडी चढावर ढकलून सुरू करावी लागते. म्हणून आम्ही पहिल्याच वर्षी स्टॅबिलायझर घेतला. वीज आल्यावर काही मिनिटं थांबून मगच पुढे सोडणारा. तो नसेल त्यांनी वीज गेली की पिन काढावी, आणि आल्यावर पाच मिनिटांनी लावावी. अम्मी त्यासाठी एक हिशेब करायची. वीज आली की आधी चहा टाकायचा, चहा झाला की पिन लावायची. आणि तीन पिनांतली जाड पिन ही अर्थिंगची. ती शोभेला नसते. ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून दार उघडणाऱ्या बाईचा जीव तिच्यावर असतो.

वीज नसताना दार उघडायचं नाही. बंद दाराआड फ्रीज साधारण चार तास गारवा धरून ठेवतो. बर्फाचा कप्पा गच्च गोठलेला असेल तर त्याहून पुष्कळ जास्त. म्हणून आमच्या कप्प्यात पाण्याच्या दोन बाटल्या, पाऊण भरलेल्या, कायम गोठलेल्या असतात. भारनियमनात त्यांचाच आधार.

बर्फाची दुसरी बाजूही आहे. एका दाराच्या फ्रीजमध्ये बर्फाचा थर वाढत जातो. अर्धा सेंटिमीटर झाला की तो थंडी देत नाही, उलट थंडीला अडवतो. मग फ्रीज बंद करून, दार उघडं टाकून तो आपोआप वितळू द्यावा. आत कोमट पाण्याचं पातेलं ठेवलं तर काम लवकर होतं. सुरी, उलथनं, स्क्रू ड्रायव्हर कधीही लावायचं नाही. बर्फाच्या मागचा ॲल्युमिनियमचा पत्रा पातळ असतो, आणि गॅसची नळी त्यातच असते. मिस्त्रीचाचा सांगायचे, त्यांच्याकडे येणाऱ्या किती तरी फ्रीजचा खून सुरीनेच झालेला असतो.

आमच्या फ्रीजसाठी हा धोका दुप्पट. त्याच्या मागच्या पट्टीवर आर-१२ असं लिहिलं आहे. हा जुना सीएफसी गॅस. आकाशातल्या ओझोनच्या थराला तो भोकं पाडतो हे कळल्यावर १९८७ साली माँट्रियलचा करार झाला. भारत त्यात १९९२ साली सामील झाला, आणि २०१० पासून या गॅसचं उत्पादन आपल्याकडे थांबलं. म्हणजे आमच्या फ्रीजमध्ये जो काही गॅस आहे, तो शेवटचा. तो गेला तर दुसरा भरायला तेल, बारीक नळी, कधी कंप्रेसरसुद्धा बदलावा लागतो. घरातल्या लहानग्यांना आम्ही हे सांगून ठेवलं आहे. त्यामुळे बर्फ काढायच्या दिवशी सुऱ्या लपवायचं काम तीच करतात.

रमजानमध्ये फ्रीजवर खरा ताण येतो. इफ्तारीच्या आधी घरातला प्रत्येक जण दार उघडतो. कुणी सरबत बघतो, कुणी फळं, कुणी उगीचच. १९९८ साली रमजान डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत होता, माठाचं पाणीही दात कडकडवायचं. २०१८ साली तो ऐन मे-जूनमध्ये आला. त्या वर्षी आमचा बर्फ घराला, मशिदीला आणि दोन शेजाऱ्यांना पुरवायचा होता. तेव्हा अम्मीने शिस्त घातली. सरबताचा जग, खजूर, कापलेली फळं एका ताटात एकत्र ठेवायची, आणि मगरिबच्या दहा मिनिटं आधी एकदाच दार उघडून ताट बाहेर काढायचं. गरम पातेलं आत ठेवायचं नाही, आधी पंख्याखाली निववायचं. पण तासन्‌तास बाहेरही विसरायचं नाही, नाहीतर अन्नच बिघडतं. ओल्या वस्तू झाकायच्या, कारण उघड्या सालनाची वाफ शेवटी बर्फ होऊन कप्प्यावर बसते. थर्मोस्टॅटची कळ कमाल आकड्यावर फिरवल्याने काही लवकर गार होत नाही. कंप्रेसर फक्त जास्त वेळ पळतो.

आणि मग बकरी ईद. मिस्त्रीचाचांचं दुकान वर्षभर जेवढं चालायचं नाही तेवढं ईदनंतरच्या आठवड्यात चालायचं. कारण सरळ आहे. ताजं, उबदार गोश्त पिशव्यांमध्ये भरून एकदम कप्प्यात कोंबलं जातं. उरलेलं खालच्या फळ्यांवर. हवेला फिरायला जागा राहत नाही. दार ढकलून लावावं लागतं, रबर ताणतं, मधे फट राहते. कंप्रेसर दोन-तीन दिवस न थांबता चालतो, आणि त्यातच व्होल्टेज उतरतं. फ्रीज मरतो आणि गोश्तही नासतं.

चाचा तेव्हा एक गोष्ट बोलले होते, ती आमच्या घरात अजून सांगितली जाते. ते म्हणाले, "ये मशीन की बीमारी नहीं, हिस्से की बीमारी है." कुर्बानीच्या गोश्ताचे तीन हिस्से करायची आपली रीत आहे. एक घराचा, एक नातेवाईक-मित्रांचा, एक गरिबांचा. फ्रीज नव्हता तेव्हा तिन्ही हिस्से त्याच दिवशी मार्गी लागायचे. फ्रीज आला आणि घराचा हिस्सा हळूहळू फुगायला लागला. हदीसमध्ये येतं, की एका वर्षी हुजूर पैगंबरांनी कुर्बानीचं गोश्त तीन दिवसांहून जास्त साठवायला मनाई केली होती. त्या वर्षी मदिनेत बाहेरून गरजू लोक आले होते. पुढे तो प्रसंग सरला आणि साठवायची मोकळीक मिळाली. साठवणं गैर नाही, हे त्यातून कळतंच. पण साठवायच्या आधी दाराबाहेर कोण उभं आहे ते पाहायचं, हेही कळतं.

आमच्या घरात तेव्हापासून एक रीत आहे. ईदच्या दिवशी फ्रीज जवळजवळ रिकामा ठेवायचा, आणि वाटप पुरं झाल्याशिवाय दार उघडायचं नाही. उरलेलं गोश्त एका वेळेला लागेल एवढ्या पुड्या करून, चपट्या थापून, निववून, दोन खेपांत ठेवायचं. जाड गोळा आतपर्यंत गोठायला फार वेळ घेतो, चपटी पुडी लवकर गोठते. एका दाराच्या फ्रीजचा कप्पा मोठ्या फ्रीजरइतका थंड होत नाही, म्हणून आठवडाभरात संपवायचं. आम्ही हिशेब केला आहे. वाटप नीट झालं, तर तेवढंच उरतं जेवढं कप्प्यात मावतं.

फ्रीज जपायचं खरं कारण मात्र गोश्त नाही, इन्सुलिन आहे. अम्मीला २००३ साली शुगर निघाली. पुढे गल्लीतल्या एका खालांना, मग मागच्या आळीतल्या शाळकरी मुलीला. त्या दोघींकडे फ्रीज नव्हता. तेव्हापासून आमच्या मधल्या फळीवर तीन डबे असतात, प्रत्येकावर चिठ्ठी. न फोडलेली इन्सुलिनची बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. दारात ठेवायची नाही, तिथं सारखी ऊब लागते. बर्फाच्या कप्प्यालाही चिकटवायची नाही, कारण एकदा गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं, वितळलं तरी वापरायचं नाही. त्या फळीवर आम्ही एक छोटा थर्मामीटर ठेवला आहे. मुलीचा बाप सकाळी दूध घ्यायला निघाला की डोकावून तो पाहून जातो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं आणि आमच्या तालुक्यांवरून गेलं. आंबेगाव, जुन्नरमध्ये घरांचे पत्रे उडाले, झाडं पडली, विजेचे खांब आडवे झाले. त्यात टाळेबंदीचे दिवस. वीज कधी येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं. त्या रात्री आम्ही फ्रीजच्या दाराला दोरी बांधली, सवयीने कुणी उघडू नये म्हणून. गोठलेल्या बाटल्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत साथ दिली. मग तिन्ही डबे कोरड्या पिशवीत घालून, दादीच्या रांजणाशेजारी, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात ठेवले. पावसाळी दमट हवेत मडकं उन्हाळ्याइतकं गार होत नाही, पण वादळानंतर हवाच गार होती, तेवढं पुरलं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, की बाटली फ्रीजबाहेर काढल्याची तारीख तिच्यावर लिहा. पंचवीस-तीस अंशांच्या आत राहिली तर साधारण चार आठवडे चालते, त्यानंतर टाकून द्या. तिघींच्या बाटल्यांवर तारखा पडल्या. वीज आली तेव्हा मुलगी स्वतः आली, पाच मिनिटं थांबली आणि मग तिनेच पिन लावली.

मिस्त्रीचाचा आता नाहीत. त्यांचा मुलगा आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा दोन वर्षांचा कोर्स करून आला. आमच्यातली अनेक मुलं हे काम उस्तादाच्या हाताखाली शिकतात, तेही चांगलं शिकतात, पण आता नुसत्या हाताच्या सवयीवर भागत नाही. नव्या फ्रीजमध्ये बहुतेक ठिकाणी आयसोब्युटेन असतो, म्हणजे आपल्या सिलिंडरमधल्या गॅसचा भाऊच. ओझोनला तो बिनधोक, पण पेट घेतो. बंद खोलीत, आत गॅस असताना नळीला वेल्डिंग लावणं म्हणजे जिवाशी खेळ. मिस्त्री बोलावताना त्याला फ्रीजच्या पट्टीवरचं गॅसचं नाव आधी वाचायला सांगावं. जो वाचत नाही, त्याच्या हाती फ्रीज देऊ नये.

या मुलाने आम्हाला स्पष्टच सांगितलं आहे, की जुना फ्रीज नव्यापेक्षा जास्त वीज खातो. २००६ पासून आपल्याकडे विजेच्या बचतीचे तारे लावायला सुरुवात झाली, त्यानंतरचे चांगले फ्रीज खरोखर कमी खातात. तेव्हा जुनं ते सोनं असा आमचा हट्ट नाही. रबर, थर्मोस्टॅट, रिले, दिवा एवढ्यावर काम भागतं तोवर दुरुस्ती. कंप्रेसर गेला किंवा गॅस गेला, की निरोप. तोही रीतसर. २०१२ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत फ्रीजही येतो. रस्त्यावर नळ्या कापून गॅस हवेत सोडायचा नाही, तो जमा करणाऱ्याकडेच द्यायचा. आणि भंगारात जाईपर्यंत तो अंगणात पडून राहणार असेल, तर आधी दार काढून ठेवायचं. लपाछपी खेळणारं मूल आत बसलं आणि दार लागलं, तर आवाज बाहेर येत नाही.

आमची निगा वर्षातून एकदा, रमजानच्या आधीच्या आठवड्यात होते. पिन काढायची, डबे शेजारच्या फ्रीजमध्ये पोचवायचे, बर्फ वितळू द्यायचा, रबर धुवायचं, नोट लावून पाहायची, जाळी झाडायची, आत खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसायचं, दार उघडं ठेवून सुकवायचं. जाळी मधेही झाडतो, पण त्या दिवशी घरातले सगळे हाताला येतात. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे हा दिवस आम्ही उन्हाळ्यात केला आहे, पावसाळ्यात केला आहे, थंडीतही केला आहे. २०३० साली रमजान पुन्हा जानेवारीत येईल. तोवर हा फ्रीज असेल की नाही, ते अल्लाह जाणे. ब्रश मात्र मागच्या खिळ्याला टांगलेला आहे.